रहस्यकथांच्या अंकांचे चिवट आयुष्य

1982 साली 'सत्यकथा' बंद पडली, तेव्हा मराठी साहित्यविश्वात केवढी हळहळ व्यक्त झाली, हे त्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. 1933 पासून चाललेले, नवकथेचे आणि नवकवितेचे माहेरघर मानले गेलेले ते मासिक. त्याच्या अखेरीविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले आणि आजही लिहिले जाते. त्याच काळात रहस्यकथा, गूढकथा, भयकथा आणि विज्ञानकथा छापणारे अंकही अडचणीत होते. त्यांच्याविषयी मात्र कोणी फारसे लिहिले नाही. समीक्षकांच्या लेखी ते 'रंजनपर वाङ्मय' होते आणि रंजनपर म्हटले की विषय संपला. असे असूनही या उपेक्षित घराण्यातील काही अंक 'सत्यकथे'नंतर दशकानुदशके निघत राहिले. हे कसे घडले, आणि छापील अक्षरालाच ओहोटी लागलेल्या आजच्या संगणकयुगात त्यांचे काय होणार, याचा थोडा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या परंपरेचे मूळ समजले जाते त्यापेक्षा जुने आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी 1886 मध्ये दूर कोचीनहून सुरू केलेल्या 'केरळ कोकिळ' या मासिकातून 1900 च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा मराठी अवतार वाचकांपुढे आला. अभ्यासक मराठी विज्ञानकथेचा आरंभ तेथूनच मानतात. विमान अद्याप आकाशात उडाले नव्हते आणि मराठी माणूस चंद्राची सफर वाचत होता! काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये 'मासिक मनोरंजन' सुरू केले. मासिकाच्या नावातच त्यांनी आपला हेतू निःसंकोचपणे सांगून टाकला होता. याच मित्रांनी 1909 मध्ये मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. त्या वेळी त्यांना कल्पना नसेल, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ही घटना सर्वांत महत्त्वाची ठरली. तिच्याकडे पुढे येऊ.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, अनंत अंतरकर यांनी 'हंस' सुरू केले आणि पुढील दहाएक वर्षांत त्याच्या जोडीला 'मोहिनी' व 'नवल' ही भावंडे आली. तिन्ही मासिकांची प्रकृती भिन्न होती. 'हंस' कथेचे, 'मोहिनी' हलक्याफुलक्या विनोदाचे आणि 'नवल' नावाप्रमाणे अद्भुताचे, गूढाचे, भयाचे. वाङ्मयीन मासिकाच्या संपादकाला रहस्यकथेचे वावडे असलेच पाहिजे, हा आपल्याकडचा समज अंतरकरांनी मानला नाही. त्यांच्या लेखी चांगली कथा आणि वाईट कथा असे दोनच वर्ग होते. द. पां. खांबेटे यांच्यासारखा लेखक विनोदी, गूढ आणि वैज्ञानिक कल्पनेवरची कथा सारख्याच सहजतेने लिहू शकला, याचे कारण अशा कथांना जागा देणारे संपादक त्या काळी होते. 1966 मध्ये अनंतराव गेले. त्यांचे पुत्र आनंद अंतरकर यांनी ही तिन्ही नियतकालिके दीर्घकाळ सांभाळली. 2021 मध्ये त्यांचेही निधन झाले.

याच काळात दुसऱ्या एका प्रवाहाला भरती आली होती. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव किती वाचकांच्या परिचयाचे असेल, याविषयी शंका आहे. बाबूराव अर्नाळकर म्हटले की मात्र साठीपलीकडच्या माणसाचे डोळे चमकतात. 'झुंजार', 'काळापहाड' ही त्यांची पात्रे घराघरांत पोहोचली होती. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांनी लावलेले आडनाव आपल्या वसईजवळच्या अर्नाळ्याची आठवण करून देते, ही या त्रैमासिकाच्या वाचकांना सुखावणारी गोष्ट! रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेली त्यांची मुखपृष्ठे पाहूनच मुले पुस्तक उचलत. शाळेच्या पुस्तकात लपवून झुंजार वाचणाऱ्या मुलाला शिक्षकांचा मार बसत असे. परंतु त्या मुलाला सलग दीडशे पाने वाचण्याची सवय अर्नाळकरांनीच लावली होती, हे शिक्षकांच्या लक्षात येत नसे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. गुन्ह्याच्या कथा वाचणे सज्जनांना शोभत नाही, असे मानणाऱ्यांची आपल्या समाजातही उणीव नाही. त्यांनी दोन नावे ध्यानात घ्यावीत. गिल्बर्ट कीथ चेस्टरटन यांनी 1910 पासून फादर ब्राउन या बुटक्या, साध्या दिसणाऱ्या धर्मगुरूला गुप्तहेराच्या भूमिकेत उभे केले, तेही फादर जॉन ओकॉनर या आपल्या खऱ्याखुऱ्या धर्मगुरू मित्रावरून. चेस्टरटन स्वतः 1922 मध्ये कॅथलिक झाले. दुसरे रोनाल्ड नॉक्स. बायबलचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या या विद्वान धर्मगुरूने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. उलगड्याला लागणारा प्रत्येक धागा वाचकासमोर उघड ठेवला पाहिजे, दैवी चमत्काराने गुन्ह्याची उकल करता कामा नये, असे त्यांचे सांगणे. चमत्कारावर श्रद्धा असलेल्या माणसाने कथेतून चमत्कार हद्दपार करावा, यात मला तरी विसंगती दिसत नाही. वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा तो नियम आहे.

आता मूळ प्रश्न. मासिके बुडाली, मग हे अंक तगले कसे? 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढील दशकात रंगीत चित्रे आली, मालिका आल्या, हिंदीत 'करमचंद'सारखे गुप्तहेर घरबसल्या दिसू लागले. दर महिन्याला रहस्य विकत घेणाऱ्या वाचकाची गरज दुसरीकडे भागू लागली. कागद महागला, जाहिरातदार पडद्याकडे वळला. या वादळात बहुतेक मासिकांनी दर महिन्याला निघण्याचा हट्ट धरला आणि ती कोसळली. ज्यांनी वेळीच शिडे उतरवली, म्हणजे मासिक बंद करून वर्षातून एकदा, दिवाळीला अंक काढायचा असे ठरवले, ती तगली. 'हंस', 'मोहिनी', 'नवल' यांनी हाच मार्ग धरला. रहस्य, भय आणि विज्ञान यांनाच वाहिलेल्या 'धनंजय'ने दिवाळी अंक म्हणूनच आपला वाचकवर्ग बांधला. मित्रांनी 1909 मध्ये सुरू केलेली प्रथा अशी सत्तर वर्षांनी बुडत्याच्या हाती लागली.

यामागचे व्यावहारिक गणित समजून घेण्यासारखे आहे. दिवाळीत बोनस हाती येतो, घरात खरेदी होते आणि कपड्यांच्या, फराळाच्या यादीत एखादा अंकही बसतो. वर्षभर मासिकाकडे ढुंकून न पाहणारा जाहिरातदार दिवाळीत शुभेच्छांचे पान घेतो. लेखकाकडे मागणी उन्हाळ्यातच जाते, त्याला कथेवर काम करायला चारसहा महिने मिळतात. संपादकाला बारा महिने कार्यालय चालवावे लागत नाही. अनेकांनी तर राहत्या घरातूनच अंक काढले. आणि या सर्वांहून मोठा आधार ग्रंथालयांचा. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली. आज त्यांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. ठरावीक वर्गणी भरा आणि दोन-तीन महिने हवे तेवढे दिवाळी अंक वाचा, ही त्यांची योजना मराठी वाचकाला नवी नाही. नाशिकच्या 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयापासून गल्लीतल्या एका खोलीच्या फिरत्या वाचनालयापर्यंत हीच रीत. वाचनालयात सर्वांत आधी फाटतो तो रहस्यकथांचा अंक, हे कोणताही ग्रंथपाल सांगेल. अंक किती फाटला, यावरून मी वाचनालयाचे आरोग्य ओळखतो. दिवाळीनंतर दोन महिन्यांनीही कोरा करकरीत राहिलेला अंक पाहिला की वाईट वाटते.

विनोदाच्या प्रांतात 'आवाज'ची कथा अशीच. मधुकर पाटकर यांनी 1951 मध्ये सुरू केलेल्या या अंकाची 'खिडकी' प्रसिद्ध आहे. कागदाला झरोका पाडून वरून एक आणि उघडल्यावर दुसरेच चित्र दाखवणारी ही युक्ती कागदावरच शक्य होती. पडद्यावर तिची गंमत उरत नाही, आणि म्हणून 'आवाज'ला पडद्याची भीती इतरांपेक्षा कमी असावी.

विज्ञानकथेचा मार्ग थोडा वेगळा आणि अधिक भाग्याचा ठरला. 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने 1974 मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, हे नंतर उघड झाले. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून नाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केलेला शास्त्रज्ञ मराठी स्पर्धेत टोपणनावाने उतरतो, ही घटनाच एखाद्या रहस्यकथेत शोभावी! पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर ही नावे वाचकांना ठाऊक झाली ती मुख्यतः नियतकालिकांतून व दिवाळी अंकांतून. बाळ फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह 1993 मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढला. डिसेंबर 2021 मध्ये आमच्या नाशिकात चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. पण विज्ञानकथाकार संमेलनाच्या अध्यक्षपदावर, हे दृश्य 1974 मध्ये कोणाच्या स्वप्नातही आले नसते. 20 मे 2025 रोजी ते निवर्तले.

भयकथेला असा राजमान्य सन्मान लाभला नाही. नारायण धारप 2008 मध्ये गेले, रत्नाकर मतकरी 2020 मध्ये करोनाच्या साथीत गेले. मतकरींना नाटककार म्हणून मान होता, त्यांच्या गूढकथेकडे मात्र विद्यापीठीय मंडळी काहीशी तिरक्या नजरेने पाहत. धारपांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. 2018 मध्ये 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला. त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, पण बीज धारपांच्या एका कथेतले, असे कळताच नव्या पिढीने धारपांची पुस्तके शोधायला सुरुवात केली. म्हणजे पडदा नेहमी वाचक पळवतोच असे नाही. कधीमधी परतही आणतो.

हे सारे वितरणाच्या ज्या वाटांवर उभे होते, त्या वाटा मात्र आज झपाट्याने बुजत आहेत. इगतपुरीकरांना यातली एक वाट अगदी जवळून ठाऊक आहे. 1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली, 1930 च्या सुमारास मुंबईहून येणारी विद्युत्‌वाहिनी इगतपुरीपर्यंत पोहोचली आणि पुढे पाऊण शतक येथे इंजिन बदलल्याशिवाय गाडी हलत नसे. कसाऱ्याला मागून लावलेली जादा इंजिनेही घाट चढून आल्यावर येथेच सुटतात. गाडी थांबे, प्रवासी फलाटावर उतरे, चहा घेई, आणि हाताशी एखादा अंक असला तर पुढचा प्रवास सुखाचा होई. 1877 पासून रेल्वे स्थानकांवर पुस्तके विकणाऱ्या व्हीलर कंपनीचा व्यवसाय अशा थांब्यांवरच वाढला. रहस्यकथा ही मुळात प्रवासातच वाचायची चीज. नव्या शतकाच्या आरंभी विद्युत्‌प्रणाली एकसारखी झाली आणि इंजिन बदलण्याचा दीर्घ थांबा गेला. पुढे रेल्वेच्या नव्या धोरणाने पुस्तकांच्या स्टॉलचे 'बहुउद्देशीय' स्टॉल झाले. तेथे पाण्याच्या बाटल्या व बिस्किटे अधिक आणि पुस्तके नावापुरती. प्रवाशाच्या हातात आता भ्रमणध्वनी असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यातही तो बहुधा रहस्यमालिकाच पाहत असतो.

दुसरी वाट टपालाची. 1898 च्या टपाल कायद्यात 'नोंदणीकृत वृत्तपत्रा'ची सवलत मिळण्यासाठी नियतकालिक एकतीस दिवसांहून अधिक अंतर न ठेवता निघावे, अशी अट होती. मासिक त्या अटीत बसे. त्रैमासिक बसत नसे, आणि वार्षिक दिवाळी अंक तर नाहीच नाही. (या पानांच्या संपादकांना ही अट काय असते, हे सांगण्याची गरज नाही.) वार्षिक झाल्यामुळे अंक जगले, परंतु त्याच कारणाने स्वस्त टपालाला मुकले. त्यांना आधार होता तो बुकपोस्टचा. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टची सेवाही बंद केली. ज्यांचा वाचक गडचिरोलीपासून गोव्यापर्यंत एकेकटा विखुरलेला आहे, अशा छोट्या अंकाला हा फटका मोठा आहे. एका प्रतीमागे टपालाचा खर्च वाढला, तर अंकाची किंमत वाढवावी लागते; किंमत वाढली की वाचनालय पंधरा अंकांऐवजी दहाच घेते; आणि वगळलेल्या पाचांत छोटे अंक आधी असतात.

संगणकाने नव्या वाटाही काढल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर 2016 मध्ये ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके येऊ लागली. नोव्हेंबर 2017 मध्ये स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने भारतात पाऊल ठेवले ते इंग्रजी व हिंदीबरोबर मराठी घेऊनच, आणि तेथे श्रोत्यांची पसंती रहस्य व भयाला भरपूर मिळाली. 'प्रतिलिपी'वर हजारो नवे लेखक लिहितात. तेव्हा रहस्यकथा मरणार अशी चिंता करण्याचे कारण नाही. ती टाकसाळीसारखी बाहेर पडत आहे. धोक्यात आहे तो अंक, म्हणजे पंधरा-वीस कथा वाचून, त्यांतील दहा परत पाठवून, उरलेल्यांचा क्रम लावणारा संपादक.

या बाबतीत अमेरिकेतील अनुभव बोलका आहे. तेथे 1926 मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' निघाले, 1930 मध्ये आजचे 'ॲनालॉग', 1941 मध्ये 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझीन'. दूरचित्रवाणीच्या तडाख्यातून ही पुष्कळशी वाचली ती वर्गणीदारांच्या बळावर. किंडलवरील वर्गणीने त्यांना काही काळ नवा आधार दिला. 2023 मध्ये ॲमेझॉनने ती योजनाच गुंडाळली. छोट्या मासिकांचे शेकडो वर्गणीदार एका कंपनीच्या एका निर्णयाने हातचे गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथा मासिकाला काही काळ नव्या कथा स्वीकारणे थांबवावे लागले. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा लोंढाच तेथे येऊन आदळला होता. 2025 च्या आरंभी 'ॲनालॉग', 'असिमोव्ह', 'एलरी क्वीन' आणि आणखी दोन जुनी मासिके एका नव्या मालकाकडे गेली. दुसऱ्याच्या व्यासपीठावर आपला वाचक ठेवला की तो आपला राहत नाही, हे तेथील संपादक आता उघडपणे बोलतात. मराठी दिवाळी अंकाचा वाचक अजून तरी संपादकाचा व वाचनालयाचा आहे. 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले आपले 'निरोप्या' मासिक शतकाहून अधिक काळ टिकले, तेही गावोगावच्या नोंदवहीतल्या अशाच नावानिशी ओळखीच्या वर्गणीदारांवर.

राहिला प्रश्न जुन्या अंकांचा, आणि मला तो सर्वांत निकडीचा वाटतो. रहस्यकथांचे अंक कोणी बांधून ठेवले नाहीत. 'सत्यकथे'चे संच विद्यापीठांत मिळतात. 'नवल'चा संपूर्ण संच पाहायचा तर एखाद्या हौशी माणसाचे कपाट शोधावे लागते. वाचनालयांनी हे अंक वर्षाअखेर रद्दीत घातले. वापरलेला कागद हलका, आम्लयुक्त; पन्नास वर्षांत तो तपकिरी होऊन बोटांत चुरतो. आमच्या इगतपुरीच्या पावसाळ्यात तर चांगल्या कागदालाही चार महिन्यांत बुरशी धरते. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथांचे व नियतकालिकांचे संगणकीकरण हाती घेतले, ते स्तुत्यच आहे, परंतु निवडीची वेळ आली की 'रंजनपर' अंक रांगेत शेवटी उभे राहतात. त्यात भर कायद्याची. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात. अर्नाळकर 1996 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथा 2056 अखेरपर्यंत संरक्षित. धारपांच्या 2068 पर्यंत. एका अंकात वीस लेखक असले तर वीस घरांची परवानगी हवी, आणि त्यांतले निम्मे पत्ते आज कोणालाच ठाऊक नाहीत. कागद तोपर्यंत थांबणार नाही. ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात असे अंक पडून असतील, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी जवळच्या मोठ्या ग्रंथालयात एकदा विचारून पाहावे. मुखपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल. अनुक्रमणिकेचे पान मात्र जपावे, कारण कोणत्या वर्षी कोणी काय लिहिले, याची नोंद बहुतेक वेळा तेवढ्या एका पानावरच उरलेली आहे.